झाकलेल्या ओळी

नाक मुरडू नका, मित्रांनो. पिवळट पडलेला, पाठीला भलंमोठं कुबड असलेला हा जो डबा तुम्हाला अडगळीत दिसतोय, ज्याच्यावर तेलाचे रिकामे डबे रचलेत, तो मी आहे. एके काळी शिरूर कासारमध्ये माझ्याइतका मान कुणालाच नव्हता. मी संगणक आहे, जुना. त्या काळी मला सगळे ‘कंप्युटर’ म्हणत आणि माझ्या खोलीत येताना चपला बाहेर काढत. एवढा मान मिळाला नसता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. का, ते सांगतो.

माझी जुळणी औरंगाबादच्या एका दुकानात झाली. त्या वर्षांत परदेशातले सुटे भाग आपल्याकडे सहज मिळू लागले होते. माझा पडदा एका देशातला, मेंदू दुसऱ्यातला, कळफलक तिसऱ्यातला. स्क्रू तेवढे इथले. मला न्यायला मृत्युंजय आला होता. पदवी घेऊन, संगणकाचा कोर्स करून परतलेला शिरूरचा तरुण. एसटीत त्याने माझा पडदा मांडीवर घेतला आणि बाकीचा मी रजईत गुंडाळून शेजारी बसवला. खड्डा आला की तो मला पोटाशी धरायचा. आपण फार मोलाची वस्तू आहोत, हे मला त्या प्रवासातच कळलं, आणि ते डोक्यात गेलं ते कायमचं.

मृत्युंजयच्या वडिलांचं, गुरुपादआप्पांचं, किराणा दुकान होतं. मुलाने गल्ल्यावर बसावं अशी त्यांची इच्छा, मुलाला दुकानाचा वासही नको. शेवटी तोडगा निघाला. दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. पलीकडे मिरची, गूळ, गोडेतेल, अलीकडे मी. पहिल्या दिवशी आप्पांनी माझ्या पडद्यावर भस्माचे पट्टे ओढले आणि हात जोडले. मग मृत्युंजयला म्हणाले, “काय बे, ह्याला खायला काय लागतं?”

“लाईट लागते, आप्पा.”

“मग उपाशीच राहतंय हे. लाईट कुठं आसती इथं?”

आप्पांचं खरं ठरलं. निम्मा वेळ मी बंदच असायचो. तरी चालू असलो की कामाला तोटा नव्हता. लग्नपत्रिका, अर्ज, बाजार समितीची पत्रं, शाळेचे निकाल, सगळं माझ्याकडे येई. मृत्युंजयची बायको शिवकन्या, तिने माझ्यासाठी इरकली साडीच्या काठाचं झाकण शिवलं. छापलेला कागद हातात घेऊन लोक म्हणत, “कंप्युटरमधून निघालंय, चुकायचं न्हाई.” मीही ते खरं धरून चाललो. खोटं कशाला बोलू? मला ते ऐकायला आवडायचं.

माझ्या सगळ्या कामांत मला एक काम विशेष जमायचं. तुम्ही वर्गात हजेरीपट बघता तसा तक्ता समजा. आडव्या ओळी माणसांच्या आणि उभे रकाने माहितीचे: नाव, गाव, इयत्ता. आता हजार ओळींतून फक्त चौथीची मुलं हवी असतील तर माणूस किती वेळ शोधत बसेल? माझ्याकडे प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एक छोटा बाण होता. तो दाबायचा, ‘चार’ निवडायचं, की झालं. चौथीची मुलं राहत, बाकीच्या ओळी दिसेनाशा होत. बघणारे तोंडात बोट घालत.

पण नीट ऐका. त्या ओळी मी पुसत नसे, झाकत असे. त्या माझ्याजवळच असत. झाकलेल्या आहेत याची खूण एकच: डाव्या कडेचे ओळींचे क्रमांक निळे होत आणि मधले क्रमांक गळालेले दिसत. तीननंतर एकदम अकरा, अकरानंतर एकोणतीस. आणि कागदावर छापताना ते क्रमांक उमटत नसत. म्हणजे ज्याच्या हातात कागद पडे, त्याला काही झाकलंय हे कळायला वावच नव्हता.

आता मूळ गोष्टीकडे येतो. इतका वेळ मी तिच्याभोवती घुटमळतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

शिरूरपासून जवळ डोंगराच्या कडेला बरडवाडी नावाचं गाव होतं. दसरा झाला की तिथली माणसं ऊसतोडीला दूरच्या कारखान्यांवर जात, ती उन्हाळ्यातच परतत. आईबापांबरोबर लेकरंही जात. तिथल्या शाळेचे आदिनाथ गुरुजी दर वर्षी अर्धा वर्ग ट्रॅक्टरवर बसून जाताना बघत. त्या वर्षी त्यांच्या चौथीत दोन हुशार मुली होत्या. एक छबुबाईची आरोही. घरचे तिला वेगळ्याच नावाने हाक मारत. आरोही हे नाव गुरुजींनी शाळेत घालताना ठेवलेलं. दुसरी दगडाबाईची तारा. गणितात तारा आरोहीच्या पुढे होती. दोघींना शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायचं गुरुजींच्या मनात होतं, आणि परीक्षा असते ऐन हंगामात.

अशात बीडच्या एका संस्थेने ठरवलं, की ज्या मुलांचे आई आणि वडील दोघंही तोडीला जातात, त्यांच्यासाठी गावातच हंगामापुरतं वसतिगृह काढायचं. जेवण, अंथरूण, बघायला एक बाई, सगळं संस्थेचं. मात्र साऱ्या तालुक्यात एकच, जिथे मुलं पुरेशी असतील तिथे. गुरुजी हरखले. त्यांनी घरोघर फिरून माहिती घेतली आणि कागदांचा गठ्ठा माझ्या खोलीत आणून ठेवला.

“मृत्युंजय, नीट टाका बरं का ह्याच्यात,” ते म्हणाले. “आमच्या दोन पोरी लई चांगल्या हायेत. ह्या साली गेल्या, तर पुन्हा शाळंत येतीलच आसं न्हाई.”

मृत्युंजयने मन लावून सगळं टंकलं. विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता, आईचं नाव, वडिलांचं नाव, आणि शेवटचा रकाना ‘तोडीला जाणारे’. त्या रकान्यात बहुतेक घरांपुढे गुरुजींनी लिहिलं होतं ‘१’. कुठे कुठे ‘२’.

आई आणि वडील दोघंही जाणारे, म्हणजे दोन. मृत्युंजयने त्या रकान्याचा बाण दाबला आणि दोन निवडले. मी नेहमीसारखा डौलात ओळी झाकल्या. पडद्यावर मोजकी चार-दोन नावं उरली. आरोही नाही, तारा नाही. मृत्युंजयला जरा नवल वाटलं असावं, कारण त्याचा हात क्षणभर थांबला. पण लाईट जायची वेळ झाली होती. त्याने छापलं, कागद पाकिटात घातला आणि बीडच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिला.

संस्थेचं उत्तर आलं: बरडवाडीत गरज असलेली मुलं फारच कमी, सबब वसतिगृह दुसऱ्या गावी देत आहोत.

गुरुजी पत्र घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. दर वर्षी ट्रॅक्टर भरभरून मुलं जाताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. तरी ते काय म्हणाले माहीत आहे?

“मला वाटलं लई पोरं आसतील. पण कंप्युटरमधीच न्हाईत म्हणल्यावर...”

त्यांनी पत्राची घडी घातली. माझ्या अंगावर त्या दिवशी झाकण नव्हतं, नाहीतर मी त्याच्याआड तोंड लपवलं असतं. सगळ्या ओळी माझ्या पोटात होत्या आणि एक भला माणूस स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवून उठून गेला.

दसरा झाला. ऊसतोडीच्या टोळ्या निघायची तयारी सुरू झाली आणि पलीकडे आप्पांच्या दुकानात गर्दी उसळली. एका दुपारी प्लायवूडच्या भिंतीपलीकडून छबुबाईचा आवाज आला.

“आप्पा, एका कोयत्याचा बाजार बांधा.”

“भारत येतोय ना बरुबर? का एकलीच चाललीस?”

“एकली गेले तर आर्धा कोयता म्हणले आसते की, आप्पा! नवराबायको दोगंबी चाललोत. आन् पोरगी.”

मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरचे तोडीला जातात त्यांना हे सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक ऊस तोडणारा आणि एक मोळ्या बांधणारी, अशी जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम तसंच बोलतो, टोळी तशीच मोजतात. गुरुजींनी घरोघर विचारलं, “किती जाता?” उत्तर आलं, “एक कोयता.” गुरुजींनी लिहिलं ‘१’. त्यांच्या लेखी त्यात अर्थ पुरता आला होता. आणि ज्यांच्यापुढे ‘२’ होते, त्या घरांतून दोन जोड्या जात होत्या.

भिंतीअलीकडे मृत्युंजयचा हात कळफलकावर थांबला. तो याच दुकानात वाढलेला मुलगा. लहानपणी सुट्टीत आप्पांच्या शेजारी बसून त्याने एका कोयत्याची ज्वारी, एका कोयत्याचं मीठ, एका कोयत्याची चहापत्ती पुड्यांत बांधली होती, दोन तोंडांना पुरेल अशी. त्याला हे कुणी शिकवायला नको होतं. पण आकडा माझ्या पडद्यावर आला आणि तो सगळं विसरला.

त्याने बरडवाडीचा तक्ता उघडला. बाण दाबून ‘सगळे’ निवडलं. झाकलेल्या ओळी एकामागून एक वर आल्या, आल्या, येतच राहिल्या. आरोही. तारा. त्यांच्या वर्गातली बाकीची मुलं. कडेचे निळे क्रमांक काळे झाले. मृत्युंजयचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

तो उठून एसटीडी बूथवर धावला. संस्थेच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, पण अंथरुणं, भांडी, स्वयंपाकाची बाई, सारं दुसऱ्या गावी पोचलं होतं. तिथली मुलंही दाखल झाली होती. “पुढच्या वर्षी नक्की,” त्या म्हणाल्या. परत आल्यावर त्याने आप्पांना सांगितलं. आप्पा पुडी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तराजू नवा आणलास, बेस केलंस. पण आपल्या दुकानातलं माप इसरलास कावून?”

माझ्या उघड्या दारातून दिसणाऱ्या ओट्यावर छबुबाई अजून बसली होती, नवऱ्याची, भारतची वाट बघत. मृत्युंजय तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आता हा सांगणार, असं मला वाटलं.

“मावशी,” तो म्हणाला, “आरोहीला नेऊ नका. आमच्याकडं ठेवा. शिवकन्या बघील तिला. परीक्षा होऊ द्या.”

छबुबाईला आधी खरं वाटेना. मग तिने पदर डोळ्यांना लावला. “देवमाणूस हायेस बाबा तू,” ती म्हणाली. मृत्युंजयने खाली बघितलं. आपण हे का करतोय, ते त्याने सांगितलं नाही.

रागावू नका, पण मला तेव्हा मनातून बरंच वाटलं. एक तरी ओळ सुटली, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. मग टोळी निघाली त्या दिवशी ट्रॅक्टर आमच्या दुकानावरूनच गेला. बोचकी, भांडी, कोंबड्या, आणि त्यावर बसलेली मुलं. ओट्यावर शिवकन्येचा हात धरून उभ्या असलेल्या आरोहीला बघून एक मुलगी ट्रॅक्टरवरून ओरडली, “आरोहे, पाढे म्हणत जा गं रोज!” ती तारा होती. आणि मला कळलं की आम्ही पुन्हा तेच केलं होतं. जिची आई समोर बसली होती तिची ओळ ठेवली आणि बाकीच्या झाकल्या.

शिवकन्या त्या संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, “गुरुजींना तरी खरं सांगून टाका.” तो “सांगतो” म्हणाला. हिवाळा गेला, परीक्षा झाली, तरी त्याचं सांगणं झालं नाही. आरोही माझ्या खोलीत, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून अभ्यास करायची. गणित अडलं की पेन्सिल चावत म्हणायची, “तारा असती तर पटकन सांगितलं असतं.” तेव्हा मृत्युंजय काहीतरी निमित्त काढून बाहेर जाई. मला तर बाहेरही जाता येत नव्हतं.

आरोहीला शिष्यवृत्ती मिळाली. गावाने मृत्युंजयचा सत्कार केला, नारळ दिला, आणि कुणीतरी हौसेने माझ्याही गळ्यात हार घातला. झेंडूचा होता. एवढा जड हार मी कधी घातला नाही. अंगावर तो सुकेपर्यंत तसाच राहिला, कारण काढायला मृत्युंजयचा हात पुढे होईना.

पुढच्या वर्षी बरडवाडीला वसतिगृह मिळालं, हे सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. रकान्याचं नाव बदलून ‘जाणारी माणसं’ केलं, प्रत्येक घरी पुन्हा विचारलं. बरीच मुलं गावात राहिली. तारा मात्र राहिली नाही. एक हंगाम ती कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळत बसली होती. घरच्यांना तिच्या हाताची सवय झाली, शाळेतून तिचं नाव निघालं. पुढे माझ्याहून चपळ यंत्रं आली, मला इथे अडगळीत ठेवलं. त्याचं मला फार वाटत नाही. जुनं झालं की बाजूला व्हावंच लागतं.

पण मला जे सांगायचंय ते त्याआधीचं, टोळी परतली त्या वैशाखातलं आहे. आरोही तारेला घेऊन दुकानात आली. तारेच्या कडेवर भाऊ होता. उसाच्या पाचटाने तिच्या हातांवर बारीक ओरखडे उठले होते. ती उंबऱ्यातच थांबली.

“काका, हिला कंप्युटर दाखवा की,” आरोही म्हणाली.

तारा जवळ आली, पण तिने मला हात लावला नाही. “ह्याच्यात समद्यांची नावं आसत्यात म्हणं?”

“असतात,” मृत्युंजय म्हणाला.

“आरोहीचं हाय?”

“हाय.”

“आन् माझं?”

मृत्युंजयने कळफलक पुढे ओढला. मग त्याने तो तक्ता उघडला, सगळा, एकही ओळ न झाकता, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तारेने मान पुढे केली. हंगामभर वाचायची सवय मोडली होती, म्हणून तिने एकेक अक्षर लावलं. “ता... रा.” आणि ती एकदम हसली.

“हाय की! आगं आरोहे, माझं बी नाव हाय! कवापासून हाय हे?”

“पहिल्यापासून,” मृत्युंजय म्हणाला.

“बघ रे बाळ्या, ताईचं नाव!” तिने भावाचा हात धरून माझ्या पडद्याला लावला. तो चिमुकला चिकट हात माझ्या काचेवर, तारेच्या नावावर, टेकला.

आणि मग मृत्युंजय बोलला. इतके महिने अडलेलं सगळं बोलला. “तारा, हे नाव मी झाकून ठेवलं होतं. बघितलंच न्हाई नीट. बघितलं आसतं तर तू बी इथंच राहिली आसतीस, परीक्षेला बसली आसतीस. माझी चूक झाली, बाळा. गुरुजींनाबी सांगणार हाय मी, तुझ्या आईलाबी.”

आरोहीचं तोंड उतरलं. तारेला त्यातलं किती कळलं, मला ठाऊक नाही. तिला एवढं मात्र दिसलं की समोरचा मोठा माणूस रडतोय. तिने भावाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि रोज त्या बाळाला जसं समजावत असेल, तशा आवाजात ती म्हणाली, “रडू नका, काका. आता दिसतंय की.”

मित्रांनो, तुमच्या हातात आता माझ्याहून किती तरी हुशार यंत्रं असतील. बोट टेकवताच ती तुम्हाला हवं तेवढंच दाखवतील, बाकीचं झाकतील. त्यांना दोष देऊ नका. झाकणं हे आमचं कामच आहे. पण त्यांनी दाखवलेल्या ओळींवर कुणाचं राहणं-जाणं ठरणार असेल, तर आधी एकदा ‘सगळे’ निवडा आणि खाली शेवटपर्यंत जा. तिथे कुणीतरी पहिल्यापासून आहे. तिला वेळेवर बघा, म्हणजे मागाहून तिलाच तुमचे डोळे पुसायला लागणार नाहीत.